खालच्या पेठेचं इंजिन

पांढुर्णा,
२४ ऑगस्ट १९५५

मोरूदादा, नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाचून घ्या आणि मग बाकीचं वाचा. घरात छातीएवढं पाणी आलं होतं. ते उतरलं. आता चिखल आहे आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसून हे लिहून राहिली आहे. हे, सासूबाई आणि दोघी पोरी वरच्या आळीत यांच्या चुलत्याकडे आहेत.

नागपुरात बातमी पोचली असेल की पांढुर्ण्याचा बांध फुटला. बांध फुटला नाही, दादा. बांध जागच्या जागी उभा आहे. तुम्हाला माहीत आहे, जाम नदी चढली की आमच्या खालच्या पेठेच्या नाल्याच्या तोंडाची लोखंडी झडप लागून जाते. नदी आत येत नाही, पण गल्ल्यांत पडलेला पाऊसही मग बाहेर जात नाही. तोच उपसून बांधापलीकडे टाकायला म्युनिसिपल कमेटीनं इंजिन बसवलं होतं. मागच्या दिवाळीला आले होते तेव्हा तुम्हीच म्हटलं होतं की इंजिनघर फार खाली बांधलं आहे. तसंच झालं. सगळ्या पेठेचं पाणी आधी तिथं जमलं, इंजिन बुडालं, आणि मग पेठ आतून भरत गेली. नदीनं आम्हाला बुडवलं नाही. आमच्याच छपरांवरून पडलेल्या पाण्यानं बुडवलं.

इंजिनघराची भिंत बसली. गुणवंता, जो इंजिन चालवतो, तो टिनाच्या छपरावर चढून बसला होता. त्याला दोर टाकून उतरवलं. आता लोक त्यालाच बोलून राहिले की तू इंजिन टाकून पळाला. त्याची बायको अंबाबाई मी शिकवते त्या शाळेत झाडलोट करते. काल तो तिला शोधत शाळेत आला तेव्हा मला म्हणाला, "बाई, म्या नाही बंद केलं. त्याच्या नरड्यात पाणी गेलं." एवढंच बोलला आणि झाडू घेऊन अंबाबाईबरोबर चिखल ओढायला लागला.

माणूस गेलं नाही, ढोरं गेली. पण रोज दुपारी आभाळ भरून येते आणि सगळी पेठ दारात उभी राहून वर पाहते. तुम्ही अशा कामांच्याच सरकारी खात्यात आहात. मला वशिला नको. एवढंच सांगा, पुढच्या पावसाळ्याच्या आत नवीन इंजिन बसते का?

तुमची,
मनकर्णा


नागपूर,
११ सप्टेंबर १९५५

चि. मनू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. तुझ्या रजनीवहिनीनं शिपायाच्या हाती तिथंच पाठवून दिलं. पहिली ओळ वाचली आणि खुर्चीवर बसलो.

तुमच्या कमेटीचे अध्यक्ष रघुनाथराव स्वतः मागणी घेऊन इथं आले होते. मी त्याच बाजूचा म्हणून साहेबांनी नकाशाचं काम माझ्याकडे दिलं आहे. दसरा झाला की मोजणीला येतो. तुमच्याकडेच उतरेन.

इंजिन जुन्या जागेवर बसवू देणार नाही, हे मी आत्ताच ठरवलं आहे. पाया तयार आहे, म्हणून कमेटी तिथलाच आग्रह धरेल. पण जे यंत्र पुरात चालायला हवं ते पुरातच बुडत असेल, तर ते नसलेलं बरं. निदान लोक भरवशावर राहत नाहीत. उंच जागा शोधावी लागेल.

काम वेळेवर झालं तर जूनच्या आत बसेल. पण मी या खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दुसरी गोष्ट सांगून ठेवतो. मे संपला की पोरींना आणि सासूबाईंना घेऊन सौंसरला काकांच्या घरी जायचं. घर मोठं आहे, उंचावर आहे, काकूला सोबत हवीच आहे. शाळा उघडली तर रजा काढ. हे मला आत्ता कबूल कर, म्हणजे मला झोप लागेल.

गुणवंताला सांग की पाण्यात बुडालेलं इंजिन कोणाच्याच हातानं चालत नाही. माझं नाव घेऊन लोकांनाही सांग.

तुझा,
मोरेश्वर


पांढुर्णा,
१८ डिसेंबर १९५५

मोरूदादा,

सौंसरचं मी कबूल करते. आता माझं ऐका.

तुमचा नकाशा कमेटीत आला. रघुनाथरावांनी यांना बोलावून दाखवला. हे घरी आले, चप्पल काढली नाही, तसेच ओट्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं तं घेतलं नाही.

आमच्या बागेतल्या टेकाडावर इंजिनघर होणार हे यांना माहीतच होतं. तुम्ही आले तेव्हा यांनीच तुम्हाला बागेत नेलं, यांनीच कोपरा दाखवला, की हा घ्या, कमेटीनं मागितला तर मी नाही म्हणणार नाही. पण उपसलेलं पाणी नदीत सोडायचा पाट तुम्ही बागेच्या मधातून काढला. ते यांना तेव्हा बोलले नाही. हे म्हणाले, "तुझा भाऊ माझ्या घरी जेवला, माझ्या झाडाखाली बसून संत्रा सोलून खाल्ला, आणि त्याच झाडावर लाल शाईची रेघ मारली. मले विचारलं असतं तं मी मरून जात होतो का?"

पाटाच्या रेघेतली झाडं जातील, ते वेगळं. पण पावसाळाभर पाट वाहिला, ओल झिरपत राहिली, तर बाजूच्या ओळीही राहणार नाहीत. संत्र्याच्या मुळाशी पाणी थांबलं की झाडाला डिंक्या लागते, बुडातून डिंक गळते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. यांच्या वडिलांनी ही बाग लावली आणि फळ पाहायच्या आत गेले. मागच्या वर्षापासून कुठं ती भरून येऊन राहिली आहे. नागपूरचा व्यापारी पहिल्यांदा दारात आला.

पाट बागेच्या बाहेरून, गाडीरस्त्याच्या कडेनं नेता येणार नाही का? लांब पडेल, पण जाईल तं नदीतच ना. यांनी मला लिहायला सांगितलं नाही. हे तुमचं नाव घेऊन नाही राहिले सध्या. मी माझ्या मनानं लिहून राहिली आहे.

मनकर्णा


नागपूर,
९ जानेवारी १९५६

चि. मनू,

पुंडलिकरावांना मी विचारलं नाही, ही माझी चूक झाली. मोजणी करताना मला उतार दिसतो, झाड दिसत नाही. त्यांना तसं सांग, किंवा सांगू नकोस. मी भेटून सांगेन.

पण तू जे मागते आहेस ते काय आहे हे नीट समजून घे. बागेतून जमीन आपोआप नदीकडे उतरते. गाडीरस्ता चढाचा आहे. पाट तिकडून न्यायचा तर पाणी आणखी उंच चढवावं लागेल, म्हणजे इंजिन मोठं लागेल, म्हणजे खर्च बदलतो, म्हणजे सगळे कागद पुन्हा वर जातील. आता ते साहेबांच्या सहीपर्यंत आलेले आहेत.

आणि दिवस कसे आहेत ते तुला तिथं कळत नसेल. इथं कोणाचं कामात चित्त नाही. प्रांत तुटणार हे नक्की झालं आहे. नागपूर, वऱ्हाड मराठीवाल्या राज्यात जाणार, आणि आपला छिंदवाडा जिल्हा, सौंसर-पांढुर्ण्यासकट, हिंदीवाल्या नव्या राज्यात. राजधानी भोपाळ होईल म्हणतात. ऑफिसात दिवसभर एकच बोलणं, कोण इकडे राहील आणि कोण तिकडे जाईल. अशा वेळी वर गेलेला कागद कधी खाली येईल, मी सांगू शकत नाही. माझ्या मनाला विचारशील तर रेघ आहे तिथंच असू द्यावी.

तरी तू सांगशील तर बदलतो. फक्त मला हे कळू दे की हे मागणं तुझं आहे. उलट टपाली कळव.

मोरेश्वर


(पोस्टकार्ड)

पांढुर्णा,
१३ जानेवारी १९५६

मोरूदादा, मागणं माझंच आहे. रेघ बदला. पावसाळ्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. यांना या कार्डाचं माहीत नाही. पोरी बऱ्या आहेत. थंडी फार आहे.

मनकर्णा


नागपूर,
२१ जून १९५६

चि. मनू,

हे पत्र सौंसरला काकांच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण ठरल्याप्रमाणे तू तिथं पोचली असशील.

नवा नकाशा फेब्रुवारीतच करून दिला. तो वर गेला तो गेला. मी तीनदा स्मरण दिलं. दर वेळी उत्तर येतं की नवीन मोठी कामं आता नवं राज्य बघेल. नवं राज्य अजून जन्माला यायचं आहे. यंदा पावसाळ्यात इंजिन बसणार नाही, हे रघुनाथरावांना कळवलं आहे. त्यांनी निदान रिकाम्या नाल्यातला गाळ काढून घ्यावा.

तू सौंसरला आहेस, म्हणून मी हे शांतपणे लिहू शकतो आहे. पुंडलिकरावांनाही तिथंच बोलावून घे. कापूस पेरून झाला असेल.

मोरेश्वर


पांढुर्णा,
३० ऑगस्ट १९५६

दादा,

तुमचं जूनमधलं पत्र काकांनी इकडं पाठवलं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी सौंसरला गेली होती. पोरींना काकूजवळ ठेवलं आणि परत आली. सासूबाईंनी खाटेवरून हलायला नकार दिला. म्हणाल्या, "मी कुठंच जाऊन नाही राहिली. पाणी येईल तं येईल." त्यांना सोडून मला राहवलं नाही. शाळाही होती. तुम्हाला झोप लागावी म्हणून मी ते कळवलं नाही.

आता सांगते. मागच्या बुधवारी सकाळपासून पाऊस होता. दुपारपर्यंत नदी चढली, झडप लागली. आणि उपसायला काहीच नाही. पाणी वाहत नाही हो दादा, ते नुसतं वाढते. आवाज होत नाही. तुम्ही भाकर थापून राहिले असता आणि पाहता तं चुलीजवळ ओल आली.

हे आणि गुणवंता घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना, लेकरांना काढून राहिले होते. इंजिन नाही तेव्हापासून गुणवंताला काम नव्हतं, मिळेल ते करत होता. आमच्या घरी आले तेव्हा पाणी कमरेपर्यंत होतं. सासूबाईंना खाटेसकट उचललं. पुढचे पाय गुणवंताच्या खांद्यावर, मागचे यांच्या. मी बोचकं घेऊन मागं. आणि अंबाबाई सगळ्यांच्या पुढं, हातात काठी घेऊन, जमीन चाचपत. तिला मी बोलावलं नव्हतं. शाळेतून सुटून ती सरळ आली. म्हणे, "बाई, रस्ता मले माहीत आहे."

नाला आणि गल्ली एक झालं होतं. कडेचा दगड कुठं आहे ते दिसत नव्हतं. ती म्हणाली, "डाव्या अंगानं या." तेवढंच ऐकलं. मग काठी तरंगताना दिसली.

गुणवंतानं खाट टाकली नाही. तो ओरडला, पण खाट टाकली नाही. टाकली असती तर सासूबाई गेल्या असत्या. यांनी मागून म्हटलं, "ठेव, ठेव," पण ठेवायला जागा कुठं होती? पलीकडच्या ओट्यापर्यंत नेऊन त्यानं खाट टेकवली आणि मग उडी मारली. यांनीही मारली. पाऊस थांबल्यावर अंबाबाई झडपेजवळ सापडली.

दादा, तो पाट मी वळवला. जानेवारीत रेघ होती तशी राहिली असती तर तुमच्या साहेबांची सही झाली असती. मी यांना त्या कार्डाचं सांगून टाकलं. मला वाटलं, रागावतील. हे म्हणाले, "तू विचारलं असतं तं मीही हेच लिहायला लावलं असतं." तेव्हापासून जेवणापुरते घरात येतात. बागेत जाऊन नाही राहिले.

कागद कुठं आहेत ते कळवा.

मनकर्णा


नागपूर,
७ सप्टेंबर १९५६

मनू,

नकाशावर सही माझी आहे. तू कार्ड लिहिलंस, बदल मी केला. मला तेव्हा पटलं नव्हतं तरी केला. ही गोष्ट तू एकटीनं वाहायची नाही.

कागदांचा शोध लावला. नव्या राज्याच्या वाट्याच्या गठ्ठ्यांत ते बांधून ठेवले आहेत. एक नोव्हेंबरला सगळं भोपाळला जाईल. मला तर आता त्यांना हातही लावता येत नाही.

आम्हालाही विचारून राहिले आहेत की कुठं जाणार. ठरलं की कळवीन.

गुणवंताला काय सांगावं ते मला कळत नाही.

मोरेश्वर


पांढुर्णा,
२३ डिसेंबर १९५६

मोरूदादा,

सप्टेंबरनंतर तुमचं पत्र नाही. रजनीवहिनींना लिहिलं, त्यांचंही उत्तर नाही. तुम्ही नागपुरातच राहिले असाल. तुमचं घर तिथं, मुलांच्या शाळा तिथं, मी दोष देत नाही. फक्त एक ओळ लिहायची होती. आता आम्ही परक्या राज्यातले झालो, तरी पोस्टाचं तिकीट तं तेच आहे.

इथं काय झालं ते सांगते. दिवाळी झाल्यावर एका सकाळी हे कुऱ्हाड घेऊन बागेत गेले. मला वाटलं, वाळलेल्या फांद्या काढायला. दुपार झाली तरी आले नाही म्हणून भाकर घेऊन गेली, तं यांनी तुमच्या पहिल्या रेघेतली झाडं तोडायला घेतली होती. आंबिया बहाराचं फळ झाडावर होतं. पिकायला आलेला संत्रा मातीत पडलेला. गुणवंता तिथंच उभा होता. तो म्हणत होता, "मालक, थांबा. कागद येऊ द्या, मग तोडा." हे म्हणाले, "कागद या झाडांपायी अडला असंल तं आता नाही अडणार." मग गुणवंतानं दुसरी कुऱ्हाड आणली.

दुसऱ्या दिवशी हे रघुनाथरावांकडे जाऊन लिहून देऊन आले, की जुन्याच रेघेनं पाट न्या, जमीन माझी आहे, माझी हरकत नाही. पेठेतल्या सगळ्यांनी एक अर्ज केला. मीच लिहिला. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे केले. तो भोपाळला पाठवून महिना होऊन गेला. पोच नाही. तिथं आमचं कोणी नाही, दादा. अर्ज कोणाच्या हाती पडला तेही माहीत नाही. जून दूर वाटते, पण मागच्या वर्षीही वाटतच होता.

मनकर्णा


भोपाळ,
५ जानेवारी १९५७

चि. मनू,

पत्ता वाचून दचकू नकोस. तुझं पत्र नागपूरला गेलं, तिथून रजनीनं इकडे पाठवलं. सोबत तिची स्वतःची एक ओळही नव्हती.

आम्हाला विचारलं तेव्हा मी नवं राज्य मागून घेतलं. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की का. रजनीला सांगितलं ते सही करून आल्यावर. ती म्हणाली, बहिणीचं गाव बुडतं म्हणून आपलं घर मोडायचं का? ती आणि मुलं नागपूरलाच आहेत. तुला आधी कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी तुझं ऐकलं असतं. मागे एकदा ऐकलं होतं. म्हणून लिहिलं नाही.

इथं आम्ही चार मराठी ओव्हरसियर एका खोलीत राहतो. ऑफिसला जागा अपुरी आहे. चार ठिकाणची खाती एकत्र आली, चौघांच्या रीती वेगळ्या. गठ्ठे जमिनीवर ठेवलेले आहेत. डिसेंबरभर जेवणाच्या सुट्टीत एकेक सोडून पाहत होतो. पांढुर्ण्याचे कागद नाताळच्या सुमारास सापडले. तुमचा अर्ज मात्र वेगळ्याच टेबलावर होता. तिथल्या बाबूनं तो बाजूला ठेवला होता. वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "भाई, यह मराठी में है, हम पढ़ें कैसे?" नागपुरात मराठी अर्ज चालत होता, इथं तो वाचणारा कोणी नाही, हे आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी तिथंच बसून त्याचं हिंदी करून दिलं. तुझं अक्षर ओळखलं. अंबाबाईबद्दलचा मजकूर करताना थोडा थांबलो. बाबूनं पाणी आणून दिलं आणि नंतर स्वतः तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेला.

पहिली रेघ कायम झाली आहे. खर्च कमी होतो म्हणून मंजुरीला अडचण दिसत नाही. इंजिन मुंबईहून यायचं आहे. केव्हा येईल हे मी या वेळी सांगणार नाही.

पुंडलिकरावांना माझा नमस्कार सांग.

मोरेश्वर


पांढुर्णा,
२० ऑगस्ट १९५७

मोरूदादा,

इंजिन जूनच्या शेवटी आलं, बसलं, हे रघुनाथरावांनी तुम्हाला कळवलंच आहे. मी मुद्दाम लिहिलं नाही. स्टेशनावरून बैल जोडून टेकाडावर ओढत आणलं तेव्हा सगळी पेठ पाहायला गेली, मी गेली नाही. जुलैत दोन पाऊस झाले, पण नदी चढली नाही, झडप लागली नाही. त्यामुळं कोणालाच काही कळलं नव्हतं. पोरी सौंसरला होत्या, या वेळी सासूबाईही. मी रात्रीची उठून नाल्याकडे पाहत होती.

काल लागली झडप.

पहाटेपासून कोसळत होता. शाळा सोडून दिली. गल्लीत पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा मी छत्री घेऊन टेकाडावर गेली. गुणवंताला कमेटीनं परत कामावर घेतलं होतं. आधी तो नाहीच म्हणत होता. हे त्याच्याकडे गेले होते, काय बोलले ते मला माहीत नाही. इंजिन पहिल्यांदा लागेना. दोघं-तिघं चक्र फिरवून थकले. मग एक धक्का बसला, धूर निघाला आणि ते चालू झालं. पाटात पाणी पडलं, काळं, फेसाळ, आणि तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांमधून खाली नदीकडे धावायला लागलं.

खाली पाणी वाढायचं थांबलं. उतरत नव्हतं, पण वाढतही नव्हतं. लोक म्हणाले, झालं. दुपारी अचानक पाटातली धार बारीक झाली. इंजिन चालू, पण पाणी येत नाही. नाल्यात जिथून पाइप पाणी ओढतो तिथल्या जाळीवर कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, कोणाची गोधडी, सगळं येऊन बसलं होतं. हे कमरेला दोर बांधून उतरले. दोर गुणवंतानं धरायला हवा होता, पण त्यानं इंजिन सोडलं नाही. मग आम्ही बायकांनी धरला. हे डुबी मारायचे, हातभर कचरा काढायचे, वर यायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वर यायला वेळ लागला. माझ्या हाताला दोराचे वळ आहेत, म्हणून अक्षर असं आहे. मग जाळी मोकळी झाली आणि पाटात धार पडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून एक म्हातारी रडायला लागली.

दिवस मावळायच्या आत गल्लीतलं पाणी घोट्याखाली गेलं. उंबऱ्याच्या आत कोणाच्याच आलं नाही. पलीकडे नदी तशीच भरलेली, झडप तशीच लागलेली, आणि अलीकडे घरोघरी चुली पेटल्या.

पण गुणवंता इंजिन बंद करेना. नाल्यात उपसायला काही राहिलं नव्हतं, पंप नुसती हवा ओढून राहिला होता. कमेटीचा माणूस येऊन सांगून गेला, की अशानं पंप खराब होईल. तो ऐकेना. हे ओल्या कपड्यांनीच त्याच्या बाजूला जाऊन बसले. म्हणाले, "गुणवंता, पाणी उतरलं." तो खाली नाल्याकडे पाहून राहिला होता. म्हणाला, "मालक, तिथं पाय टेकते का आता?"

हे उठले, टेकाड उतरले, आमच्या गल्लीतून चालत गेले आणि नाल्याच्या कडेला, जिथं अंबाबाई गेली तिथं, जाऊन उभे राहिले. पाणी यांच्या पावलावर होतं. कडेचा दगड दिसत होता. तिथून यांनी वर पाहून हात केला.

गुणवंतानं इंजिन बंद केलं. दिवसभर त्या आवाजाची सवय झाली होती, त्यामुळं एकदम लय शांत वाटलं. तो खाली आला. यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. मग हे त्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आले.

रजनीवहिनींचं पत्र आलं होतं मागच्या आठवड्यात. तुमच्याबद्दल काही नव्हतं. पांढुर्ण्यात पाऊस कसा आहे, एवढंच विचारलं होतं. त्यांनाही आज लिहून राहिली आहे. दादा, आता तुम्ही बदली मागा आणि घरी जा.

मनकर्णा